सायकलवरचं ओझं पुन्हा पुन्हा कलतंय? दोरी आवळण्याआधी हे तपासा

भाटातले (बागेतले) नारळ, रेशनचा तांदूळ, गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला केळीचा घड, चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं सामान. ओझं कोणतंही असो, तक्रार एकच असते. निघताना गच्च बांधलेलं सामान अर्ध्या वाटेवर एका बाजूला कलतं, हँडल थरथरायला लागतं आणि थोड्या दिवसांनी मागच्या चाकाचा स्पोक तुटतो. स्पोक बदलतात, दोरी आणखी जाड आणतात, तरी पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

दोरीचा दोष बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतो. ओझं फार उंच किंवा फार मागे बसलेलं असतं, नाहीतर ज्या कॅरिअरवर ते बांधलंय ते कॅरिअरच सायकलला पक्कं धरलेलं नसतं. हलणाऱ्या कॅरिअरवर कितीही गाठी मारा, कॅरिअरसकट सगळं हलणारच. म्हणून आधी हलतंय काय ते शोधा.

हलतंय नेमकं काय

सायकल ओझ्यासकट भिंतीजवळ सरळ उभी करा आणि एकाला पुढून हँडल धरायला सांगा. एक हात सीटवर ठेवा, दुसऱ्या हाताने ओझ्याचं मागचं टोक डावी-उजवीकडे हलवा आणि खाली बघा.

ओझं हललं पण कॅरिअर स्थिर राहिलं, तर दोष बांधण्यात आहे. कॅरिअर हललं पण सीटखालची नळी स्थिर राहिली, तर कॅरिअरचे नट-बोल्ट किंवा त्याच्या काड्या सैल आहेत. कॅरिअर आणि फ्रेम एकत्र हलतात आणि चाकाची रिम ब्रेकच्या रबराकडे सरकते, असं दिसलं तर हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) छर्रे आवळून धरणारे कोन सैल आहेत किंवा स्पोकना ताण नाही. मागे सगळं पक्कं आहे आणि तरी चालवताना हँडल थरथरतं, तर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. हँडलच्या नळीखाली टकटक जाणवली, तर तिथले छर्रे-वाट्या सैल झाल्यात किंवा झिजल्यात. या तपासणीला दोन मिनिटं पुरतात, पण ती ओझं चढवूनच करायला हवी. रिकाम्या सायकलवर यातले निम्मे दोष दिसतच नाहीत.

कॅरिअर

जुन्या काळ्या सायकलच्या कॅरिअरच्या काड्या थेट मागच्या एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या नटखाली बसतात. वजन सरळ एक्सलवर उतरतं, म्हणून ते कॅरिअर भरवशाचं. त्यातही एक कमजोर जागा आहे. एक्सलपाशी काडी चपटी करून भोक पाडलेलं असतं आणि तडा तिथेच जातो. गोव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आधी तिथलाच रंग सुटतो. रंगावर तांबूस रेघ दिसली तर नखाने खरवडून बघा. खाली तडा असेल तर वेल्डिंगवर भागवू नका, काडीच बदला. चपट्या भागावर केलेलं वेल्डिंग थोड्याच दिवसांत शेजारी पुन्हा तुटतं.

नव्या गिअरच्या सायकलींना बाजारात दोन प्रकारची कॅरिअर मिळतात. एक प्रकार फ्रेमला खाली दोन आणि वर दोन बोल्टनी बसतो. दुसरा फक्त सीटच्या नळीला शिकंजासारखा धरतो आणि मागे अधांतरी राहतो. हा दुसरा प्रकार डबा किंवा रेनकोट नेण्यापुरता ठीक आहे. त्यावर सहसा ९-१० किलोचीच मर्यादा छापलेली असते. त्यावर तांदळाचं पोतं ठेवलं की खड्ड्यात तो नळीभोवती फिरतो आणि ओझं थेट चाकाच्या बाजूला येतं. हे पोतं पुन्हा पुन्हा एकाच बाजूला का कलतं, याचा बराच शोध बांधणीत घेतला जातो आणि कारण या एका शिकंजात असतं. वजन न्यायचं असेल तर चार ठिकाणी बसणारं कॅरिअर घ्या. त्यावरही मर्यादा छापलेली असते, बहुधा २५ किलोची, आणि तिचा मान ठेवा.

या कॅरिअरचे बोल्ट बहुतेक ५ मिलिमीटरचे असतात. प्रत्येकाखाली वॉशर आणि आतून नायलॉन असलेला लॉक नट लावा. साधा नट आपल्याकडच्या रस्त्यांवर टिकत नाही. बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावलं तर पावसानंतर बोल्ट गंजून अडकत नाही. बोल्ट वाकलेला दिसला तर सरळ करून वापरू नका.

ओझं कुठे बसलंय

हा या सगळ्याचा गाभा आहे, म्हणून आकडे घालून सांगतो.

सायकलच्या दोन चाकांच्या एक्सलमध्ये साधारण ११० सेंटिमीटर अंतर असतं. चालवणारा ६५ किलोचा आणि सायकल १८ किलोची धरली, तर ताठ बसून चालवायच्या सायकलवर पुढच्या चाकावर साधारण २५ किलो भार पडतो. आता ३० किलोचं पोतं कॅरिअरच्या मागच्या टोकाला, म्हणजे त्याचा मध्य एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे येईल असं ठेवलं. तरफेच्या हिशोबाने पुढच्या चाकावरचे ८ किलो उचलले गेले, राहिले १७. त्यात १०० मीटरला १० मीटर चढणारा चढ लागला की आणखी साधारण ११ किलो मागे सरकतात. पुढच्या चाकावर उरले ६ किलो. एवढ्या हलक्या चाकाला रस्त्याची पकड राहत नाही. चढावर हँडल इकडेतिकडे वळतं, एखादा खडा लागला तरी चाक सरकतं, ते यामुळे. फोंड्याकडच्या किंवा पणजीत आल्तिनोच्या चढावर मागे बसलेलं ओझं घेऊन पेडल मारण्यापेक्षा उतरून ढकलावं.

तेच पोतं सीटच्या नळीला टेकवून ठेवलं, म्हणजे त्याचा मध्य एक्सलच्या बरोबर वर किंवा थोडा पुढे आला, तर सपाट रस्त्यावर पुढच्या चाकाचा भार जवळपास आहे तेवढाच राहतो. वजन तेच, दोरी तीच, पण सायकल वेगळीच वागते.

उंचीचंही तसंच. कॅरिअरची पाटी जमिनीपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर असते. त्यावर उभं ठेवलेलं पोतं ९५-१०० सेंटिमीटरवर डुलतं. तोच माल दोन पोत्यांत विभागून कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबकळवला, तर त्याचा मध्य ५५ सेंटिमीटरच्या आसपास येतो. सोललेला नारळ साधारण अर्धा किलोचा किंवा थोडा जास्त भरतो, म्हणजे ५० नारळांचे २५ ते ३० किलो झाले. त्यांचं एक पोतं वर न चढवता २५-२५ नारळांची दोन करा, तोंडं एकत्र बांधा आणि कॅरिअरवर आडवी टाका. दोन्हीकडे मोजून सारखे नारळ घाला. दोन नारळांचा फरकसुद्धा सायकल एका बाजूला ओढतो आणि तासाभराने खांदा दुखायला लागतो.

लोंबकळणाऱ्या पोत्यांचे दोन धोके आहेत. पहिला टाचेचा. पेडल मागे असताना टाच पोत्याला लागता कामा नये, म्हणून पोती थोडी मागे सरकवावी लागतात आणि इथे वरच्या नियमाला थोडी मुरड घालावी लागते. दुसरा धोका फार गंभीर आहे. पोत्याचा कोपरा स्पोकमध्ये गेला की चाक जागीच थांबतं. लेडीज सायकलला असतं तसं साडीगार्ड दोन्ही बाजूंना बसवा, किंवा कॅरिअरच्या काड्यांवर १० सेंटिमीटर रुंदीच्या दोन लाकडी पट्ट्या आडव्या बांधा.

पाटी आणि टोपली: हलकं पण मोठं ओझं

पोदेराची, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याची टोपली आठवा. पाव वजनाला काहीच नसतो, पण टोपलीचा घेर हँडलपेक्षा मोठा असतो. तिथे भार त्रास देत नाही, वारा आणि पाया देतात. कॅरिअरची रुंदी जेमतेम १५ सेंटिमीटर असते. त्यावर दोन फुटी टोपली ठेवली की ती मधल्या रेषेवर झुलते आणि दोरी सैल करत जाते.

उपाय पायाचा. १२ मिलिमीटर प्लायवूडची ३० बाय ४५ सेंटिमीटरची फळी घ्या. तिच्या खालच्या बाजूला कॅरिअरच्या दोन नळ्यांना बाहेरून घट्ट भिडतील अशा दोन लाकडी रिपा स्क्रूने ठोका. या रिपांमुळे फळी डावी-उजवीकडे सरकतच नाही. मग फळी चार ठिकाणी यू क्लॅम्पने किंवा जाड तारेने कॅरिअरला कसा आणि चार कोपऱ्यांना दोरी ओवायला भोकं पाडा. समुद्री (मरीन) प्लाय घेतलात तर पावसात फुगत नाही. साध्या प्लायला कडांसकट दोन हात ऑइल पेंट द्या.

टोपली फळीला चारही कोपऱ्यांवर बांधली की दोन दोऱ्या जास्तीच्या लावा, एक टोपलीच्या पुढच्या कडेपासून सीटच्या नळीला आणि दुसरी मागच्या कडेपासून कॅरिअरच्या काड्यांच्या खालच्या टोकापर्यंत. दोऱ्या तिरक्या ओढल्या तरच टोपली बाजूला हलत नाही. नुसत्या वरून खाली आवळलेल्या दोऱ्या ओझं दाबतात, झुलणं थांबवत नाहीत.

वाऱ्याचं म्हणाल तर मांडवीचा पूल आणि पणजी-रायबंदर रस्ता या दोन जागा ध्यानात ठेवा. दोन्हीकडे आडोसा नाही. पावसाळ्यात मोठं, हलकं ओझं घेऊन तिथून जाताना झोत आला की सायकल हातभर सरकते आणि शेजारून बस जात असते. वरचं प्लास्टिक सैल फडफडत असेल तर त्याचं शीड होतं. प्लास्टिक टोपलीच्या काठाखालून गोल बांधा. रुंदीचा एक सोपा नियम पाळा. ओझं हँडलपेक्षा रुंद होऊ देऊ नका, म्हणजे जिथून हँडल गेलं तिथून ओझंही जाईल. टोपली रुंदच असेल, तर चालवणाऱ्याला तिचा घेर पाठ असावा लागतो.

मग दोरी

काथ्याची किंवा तागाची दोरी भिजली की आखडते आणि वाळली की सैल पडते. पावसात बांधलेलं ओझं ऊन पडल्यावर सुटतं ते त्यामुळे. नायलॉन ताणतो आणि ओला झाल्यावर आणखी ताणतो, म्हणून वाटेत एकदा आवळावाच लागतो. पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी स्वस्त मिळते, पण तिच्यावर गाठ घसरते आणि उन्हात ती कुसकरते. बोटांत चोळल्यावर पांढरी पूड आली की टाकून द्या.

ओझ्यासाठी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. व्हॉल्व्हपाशी कापून लांबीत उभी चिरली की साधारण दोन मीटरच्या दोन पट्ट्या मिळतात. रबर नळीला पकडून ठेवतं, खड्ड्यात ताणून परत येतं आणि पोतं दबलं तरी आवळलेलं राहतं. मात्र एकट्या रबरावर जड वजन टाकू नका, नाहीतर ते लयीत झुलायला लागतं. बांधणी दोरीची करा आणि वरून रबराचा ताण द्या.

दोरी आवळताना एका टोकाला कॅरिअरच्या नळीला निरगाठ मारा, दोरी ओझ्यावरून आणा, मध्ये एक फासा करा, टोक खालच्या नळीखालून घेऊन त्या फाशातून ओढा. असं ओढल्याने हाताचा जोर जवळपास दुप्पट होतो. शेवटी सुरगाठ, म्हणजे उतरवताना कापावी लागत नाही. उरलेलं टोक नक्की खोचा. लोंबणारी दोरी चेनमध्ये किंवा फ्रीव्हीलमध्ये (चेन फिरवते त्या मागच्या दात्यांच्या चक्रात) जाते.

आकडेवाले लवचिक पट्टे वापरत असाल तर आकडा अडकवताना आपला चेहरा बाजूला ठेवा. सुटलेला आकडा डोळ्यावर येतो.

निघाल्यावर साधारण एक किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. तांदूळ, नारळ, बटाटे सगळेच हादऱ्याने दबतात आणि पहिल्या किलोमीटरमध्ये सगळ्यात जास्त दबतात. कलण्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने जातात.

स्पोक का तुटतच राहतात

मागच्या चाकाचे स्पोक बहुधा फ्रीव्हीलच्या बाजूचे तुटतात आणि हबपाशी वाकवलेल्या जागीच तुटतात. लोक समजतात वजनाने ओढून तुटले. खरं कारण उलट आहे. स्पोकला मुळात ताण कमी असतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत खालचा स्पोक सैल पडतो आणि वर जाताना पुन्हा ताणतो. तार वाकवून-सरळ करून तोडतात, तसाच तो हबपाशी थकून तुटतो. ओझ्याने हा फरक वाढतो इतकंच.

म्हणून एक तुटला की फक्त तोच बदलून थांबू नका. शेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून बघा आणि बोटाने वाजवून बघा. एका बाजूच्या सगळ्या स्पोकचा आवाज साधारण सारखा यायला हवा. जो भद्द वाजतो तो सैल. निपल, म्हणजे स्पोकच्या रिमकडच्या टोकाचा छोटा नट, एका वेळी पाव वेढा फिरवून ताण वाढवा, पूर्ण चाकाला एक फेरी झाली की चाक आऊट झालंय (वाकडं फिरतंय) का ते ब्रेकच्या रबराशी बघा, मग दुसरी फेरी. हे काम सायकलवाल्याकडून करवून घेतलं तरी चालेल, पण त्याला ‘स्पोक बदल’ एवढंच सांगू नका, ‘सगळ्या चाकाचा ताण बघ’ असं सांगा. त्याच बाजूचे तीन स्पोक तुटून झाले असतील तर उरलेलेही थकलेत. त्या बाजूचे सगळे नवे घाला. लांबीसाठी जुना अख्खा स्पोक नमुना म्हणून बरोबर न्या.

रोजचं ओझं असणाऱ्याला जुन्या काळ्या सायकलचं मागचं ४० स्पोकचं चाक अजूनही फार उपयोगाचं आहे. कमी स्पोकच्या शोभेच्या चाकावर हे काम होत नाही.

टायरची हवाही याच हिशोबात येते. ट्यूबला समोरासमोर दोन बारीक चिरा पडून पंक्चर झालं असेल, तर खिळा शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्याच्या काठावर रिमने ट्यूब चिमटली. मागच्या टायरात त्याच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या जवळ हवा भरा, पुढच्यात थोडी कमी.

हँडलला पिशव्या

मासळीची पिशवी हँडलला अडकवून घरी येणं फार नेहमीचं आहे आणि फार धोक्याचं. पिशवी झुलत पुढच्या चाकात गेली की चाक थांबतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे पडतो. पुढे बास्केट बसवा आणि त्यात ३ ते ५ किलोंपेक्षा जास्त ठेवू नका. बर्फाच्या मासळीचा क्रेट मागेच हवा. त्याच्या तळाला भोक पाडून वितळलेलं पाणी जाऊ द्या. अडलेलं पाणी प्रत्येक वळणावर एका बाजूला धावतं आणि खारट असल्याने कॅरिअरही खातं.

जे नेऊच नये

घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंड धरून तो ३० किलोच्या आसपास जातो. भरलेला सिलिंडर सायकलवरून किंवा दुचाकीवरून न्यायला गॅस सिलिंडर नियमांनीच मनाई आहे. तो घरपोच मागवा. ५० किलोचं सिमेंटचं पोतं, प्लायवूडची अख्खी शीट, पत्रे यांना रिक्षाच बरी. बांबू किंवा पाइप अडीच मीटरच्या आत असेल तर आडव्या दांडीच्या बाजूने बांधता येतो, पण हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का ते बांधून झाल्यावर बघा. त्याहून लांब असेल तर सायकलवर टाकून चालत न्या आणि मागच्या टोकाला लाल फडकं बांधा. ओझ्याआड मागचा रिफ्लेक्टर झाकला जातो, म्हणून लाल दिवा ओझ्यावरच लावा.

उतार, पाऊस, फेरीबोट

ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेकचं रबर सुरुवातीला जवळजवळ पकडतच नाही. उतार सुरू होण्याआधीच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या आणि वेग वरूनच कमी ठेवा. वेगात हँडल थरथरायला लागलं तर ते घट्ट धरू नका. हात सैल ठेवा, एक गुडघा आडव्या दांडीला टेकवा, मागचा ब्रेक हळूहळू दाबा.

दिवाडी-चोडण बेटांच्या फेरीबोटीवर ओझ्याची सायकल कधीच चालवत चढवू नका. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि खालच्या भागावर शेवाळ असतं. उतरताना तुम्ही सायकलच्या वरच्या बाजूला राहा, दोन्ही ब्रेक हातात. फेरीबोटीत सायकल स्टँडवर सोडू नका, ओझ्याची बाजू कठड्याला टेकवून धरून उभे राहा.

एका पायाचा साइड स्टँड ओझ्याखाली वाकतो, म्हणून मागच्या चाकाला दोन पायांचा स्टँड हवा. सामान चढवताना-उतरवताना पुढचं चाक गर्रकन वळून सायकल पडते. ट्यूबच्या पट्टीचा तुकडा पुढच्या ब्रेकच्या दांड्यावर आवळून गुंडाळा, चाक जखडून राहतं. दोन्ही बाजूंना पोती असतील तर एक पूर्ण उतरवून मग दुसऱ्याकडे वळू नका. पहिलं उचलताच सायकल दुसऱ्या अंगावर जाते. दुसरी बाजू भिंतीला टेकवा, किंवा दोघांनी दोन्ही पोती एकदमच उचला.